म्हशीची कास सुजली आहे. कोरफड-हळद-चुना लावू की थेट डॉक्टर?

कासारीकाठचा

नमस्कार मंडळी. मी पन्हाळा तालुक्यातला. घरी दोन पंढरपुरी, एक मुऱ्हा आणि एक रेडी. वडील बघत होते तोवर मी फक्त धारेपुरता गोठ्यात जायचो. गेल्या दिवाळीपासून त्यांना बसता-उठता येत नाही, त्यामुळं सगळं माझ्यावर आलंय.

मुऱ्हा विऊन दीड महिना झाला. काल संध्याकाळी धारेला बसलो तर मागचं डावं सड हाताला कडक लागलं. पहिल्या तीन-चार चिळकांड्या पातळ आल्या आणि त्यात दह्याच्या कवड्यांसारख्या बारीक गाठी. म्हैस लाथ मारत नाही, पण तिथं हात गेला की पाय उचलते. वैरण खाते, रवंथ करते.

आईनं लगेच परसातली कोरफड कापून आणली. हळद-चुना घालून लेप लाव, इंजेक्शन नको म्हणते. पुण्याचा थोरला भाऊ फोनवर म्हणतो, लेप म्हणजे नुसतं मनाचं समाधान, त्या नादात सड घालवशील. डॉक्टरांना बोलवायला माझी ना नाही. पण याच म्हशीचं पुढचं एक सड मागच्या वेताला असंच सुजलं होतं. इंजेक्शनं झाली, आठवडाभर दूध ओतून दिलं आणि सड शेवटी आटलंच. त्यामुळं आता मन धजत नाही.

दुसरी गोष्ट माणसाची. वडिलांना साखर आहे, गोळ्या चालू आहेत. शेजाऱ्यांनी गुळवेल आणून दिली, तिचा काढा रोज सकाळी घेतात. महिना झाला. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. हे चालतं का?

झाडपाल्यावर कुठवर विसंबायचं, हे ज्यांनी स्वतःच्या गोठ्यात केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

राधानगरीची सून

दादा, आधी आत्ताचं काम, बाकीचं मागून.

घरात थर्मामीटर असेल तर म्हशीचा ताप बघा. शेपटीखाली, दोन मिनिटं धरून. तिचं नेहमीचं तापमान १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतं. १०३ च्या वर गेलं असेल, वैरण सोडली असेल, सड गार पडून निळसर दिसत असेल किंवा दुधाऐवजी लालसर पाणी येत असेल, तर माझं पुढचं काही वाचू नका. १९६२ ह्या जनावरांच्या दवाखान्याच्या नंबरला फोन लावा, नाहीतर गाडी काढून डॉक्टरांना घेऊन या. तिथं लेपाचं काम नाही.

खाते आहे, रवंथ करते आहे आणि ताप नाही, तर आई म्हणतात त्यात तथ्य आहे. फक्त ते नीट करायला हवं.

कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. हे प्रमाण माझ्या घरचं नाही. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं कासेच्या आजारासाठी हेच दिलेलं आहे. आमच्या सासूबाई मुठीनं घ्यायच्या, मी वजनकाट्यावर घेते, कारण चुना जास्त झाला की सडाची कातडी सोलून निघते. कोरफडीचे काटे तासायचे आणि सालीसकट पाट्यावर वाटायची. हळद घातली की हिरवट-पिवळा गोळा होतो. त्यात चुना पडला की वरवंट्याच्या दोन फेऱ्यांत तो लाल होतो, अगदी कुंकवासारखा. कुंकू तरी दुसरं काय, हळद आणि चुनाच की. ह्या लाल रंगाकडं लक्ष ठेवा. गोळा पिवळाच राहिला तर चुना हवा लागून मेलेला आहे किंवा हळदीत भेसळ आहे. तो लेप लावून उपयोग नाही, दुसरा चुना आणा.

दर वेळी मूठभर गोळा घ्यायचा, दीड-दोनशे मिली पाण्यात पातळ करायचा. कास धुऊन, कोरडी करून, सुजलेलं सड पिळून रिकामं करून मग पूर्ण कासेला लावायचा. एका सडाला नाही, चारही सडांना. आणि दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. लोक सकाळ-संध्याकाळ दोन बोटं फिरवतात आणि गुण नाही म्हणतात. आमच्याकडं पोरं शाळेत जाताना एकदा, आल्यावर एकदा, मी वैरणीला गेले की एकदा, असं वाटून घेतो. सोबत लिंबं. अर्धी कापून एका वेळी दोन, दिवसातून दोनदा, तीन दिवस खायला घालायची. धारेला बसायच्या आधी लेप स्वच्छ धुवायचा, नाहीतर दुधात उतरतो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लेप लावायच्या आधी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा: किती वाजता सुरू केलं आणि किती वाजेपर्यंत वाट बघणार. कासेच्या बाबतीत मी एक दिवस धरते. आज संध्याकाळी सुरू केलं तर उद्या संध्याकाळच्या धारेला. तोवर गाठी निम्म्यानं कमी झाल्या नसतील, तर मनाशी वाद घालायचा नाही, फोन करायचा.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. माझे सासरे पंचक्रोशीत गुरांचं औषध द्यायचे. पैसे घेत नव्हते. २००५ च्या पुरात आमच्याकडचा रस्ता चार दिवस बंद होता आणि नेमकी गाभण म्हैस फुगली. ओली कोवळी वैरण जास्त झाली होती. डावी कूस ढोलासारखी वाजत होती. घरात घाई झाली. शेंगतेलात हिंग आणि ओवा कालवला, माझ्या चुलत दिरांनी मान वर करून दावं आढ्याला बांधलं, एकानं जीभ बाहेर ओढून धरली आणि बाटली घशात रिकामी केली. जीभ धरलेली असली की जनावराला गिळताच येत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती दोनदा खोकली. मी कंदील धरून उभी होते. नाकातून तेलाचा फेस आला आणि त्याला हिंगाचा वास होता. पोट संध्याकाळपर्यंत उतरलं, सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती श्वासाला लागली आणि पाचव्या दिवशी गेली. पोटफुगीनं नाही, फुफ्फुसात गेलेल्या तेलानं. सासऱ्यांनी तो महिना कुणाला औषध दिलं नाही. त्यानंतर ते काहीही द्यायचं तर आधी खडू मागायचे. काय दिलं, कधी दिलं, कुठवर थांबायचं. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण गोठ्याच्या खुंटीला खडूची पिशवी अजून आहे.

म्हणून तोंडावाटे काही पाजायचं असेल तर मान सरळ रेषेत, जीभ मोकळी, घोट घोट, आणि खोकली की हात थांबवायचा. त्यापेक्षा गुळात कालवून गोळे चारणं कधीही बरं.

माझ्या गोठ्यात कासेचा लेप पाच वेळा केला. तीन वेळा तेवढ्यावर भागलं. एकदा दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि त्यांच्या औषधानं सड वाचलं. एकदा मी "अजून एक दिवस बघू" केलं आणि ते सड गेलं. भिंतीवर वेळ लिहिलेली होती, मीच ती पुसली होती.

तुमच्या भावानं "मनाचं समाधान" म्हटलं, त्यावर एक सांगते. दाजीपूरकडच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. फुलाला घाण वास येतो. सासऱ्यांनी दाखवलं तेव्हा मला ते काहीच वाटलं नव्हतं. त्या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा वेगळं केलं १९६६ साली अमेरिकेत, एका चिनी झाडातून, आणि ते करणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. पुढं तेच द्रव्य आपल्या नरक्यातही सापडलं. त्यापासून तयार झालेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं आज कर्करोगावर देतात. ह्यापायी सह्याद्रीत नरक्याची एवढी तोड झाली की सासऱ्यांनी दाखवलेल्या जागी आता बुंधेसुद्धा नाहीत. तेव्हा झाडात काही नसतं असं कुणी म्हणू नये. पण सासऱ्यांनी नरक्या कधी कुणाला उकळून दिला नाही. किती द्यायचा ते माहीत नाही तर हात लावायचा नाही, एवढंच म्हणायचे.

गुळवेलीचं मी सांगत नाही. माझ्या घरी कुणी साखरेच्या गोळ्यांवर नाही. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त पशुवैद्यक, भुदरगड

वरच्या ताईंनी बरंच बरोबर लिहिलं आहे, विशेषतः पाजण्याबद्दल. नोकरीत असताना फुफ्फुसात औषध गेलेली जनावरं मी इतकी बघितली की पाजताना जीभ धरणाऱ्याला मी गोठ्यातून बाहेर काढायचो.

एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. या म्हशीचं एक सड आधीच गेलेलं आहे. तिच्या बाबतीत एक दिवससुद्धा नुसता थांबण्यात घालवू नका. लेप आज लावा, पण पहिला लेप लावायच्या आधी दुधाचा नमुना घ्या. सड धुऊन, कोरडं करून, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून, पहिल्या दोन-तीन धारा सोडून, उकळून घेतलेल्या बाटलीत. डॉक्टरांकडं पोहोचवा आणि कोणतं औषध लागू पडतं ती तपासणी करायला सांगा. मागच्या वेळी इंजेक्शनांनी गुण आला नाही, याचा अर्थ इंजेक्शन वाईट असा नाही. तिथं कोणता जंतू होता हे कुणी बघितलं नसावं. एकदा औषध टोचल्यावर नमुना घेतला तर तो फार काही सांगत नाही.

दूध ओतून देण्याचं दुःख मला कळतं. पण कासेचा आजार झालेल्या सडाचं दूध लेपावर असतानाही किटलीत घालू नका. आणि प्रतिजैविक झालं तर वेष्टनावर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे दिवस द्यायचं नाही. ते दूध कुणाचं तरी लहान पोर पितं.

रोजच्या चार गोष्टी सांगतो, त्या लेपापेक्षा जास्त काम करतात. सुरुवातीची धार काळ्या फडक्यावर घ्या, गाठ लगेच दिसते. आजारी म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढा. ते दूध गोठ्याच्या फरशीवर सोडू नका. आणि धार झाल्या झाल्या पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढा वेळ ती उभी राहिली तर शेणमुतात बसून आत घाण जात नाही. सडाच्या भोकात काडी, तेल, काही म्हणजे काही घालायचं नाही. हे आपल्याकडं अजून चालतं.

ऊसतोडीच्या दिवसांत तुम्ही नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, म्हशी ठेवत असाल तर तेही सांगा. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. व्यायलेली म्हैस गार पडून मान कुशीकडं वळवून बसली की लोक सुंठ-गूळ देत बसतात. तिला शिरेतून कॅल्शियम लागतं, तेही काही तासांत. दुसरं काही नाही.

२०२२ ला लम्पी आला तेव्हा विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गुळाचे गोळे मी स्वतः चारायला सांगितले होते. जनावर खायला लागतं, अंगात जरा तरतरी येते. पण लस टोचली ती टोचलीच. लाळ्या खुरकूत, घटसर्प यांनाही तेच. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लशीसाठी पळायचं, माणूस असो की म्हैस.

माणसांच्या औषधावर मी बोलणार नाही, तो माझा अभ्यास नाही.

इचलकरंजीकर

मी फार्मासिस्ट आहे, औषधाचं दुकान चालवतो. गुळवेलीबद्दल.

वडिलांचा काढा उद्यापासून बंद करा आणि डॉक्टरांना सगळं सांगा. भीती दोन प्रकारची आहे. एक, गुळवेल साखर उतरवते. त्यावर गोळी पडली की साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढं अंधारी असं सकाळच्या वेळी होतं का ते विचारा. वयस्कर माणसं "अशक्तपणा" म्हणून सोडून देतात. दुसरी यकृताची. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं तेव्हा आक्षेप घेतला की त्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही. मला विचाराल तर भांडण कुणाचंही खरं असो, आपल्यासाठी त्यातून एकच निघतं. शेजाऱ्यांनी बांधावरून आणलेली वेल कोणती आहे हे तुम्हालाही माहीत नाही. गुळवेलीची एक बहीण आहे, तिच्या खोडावर मोठ्या गाठी असतात. पानं दोघींची बदामी आकाराची. कोवळी वेल असेल तर भले भले फसतात.

आता घरचं एक सांगतो, कारण प्रश्न कुठवर विसंबायचं असा आहे. २०१२ ला आमच्या गावात काविळीची मोठी साथ आली होती, पाण्यातून. माझा धाकटा भाऊ त्यात सापडला. त्याला नाकात झाडपाल्याचा रस सोडणाऱ्याकडं नेलं. नाकातून पिवळं पाणी वाहिलं, "कावीळ निघाली" म्हणाले. तीन आठवड्यांत भाऊ खणखणीत झाला. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, पण घरात त्या रसाचं नाव झालं. (गरोदर बाईला मात्र ती जिवावर बेतू शकते, हे कुणी विसरू नये.)

चार वर्षांनी मामांचे डोळे पिवळे झाले. त्यांनाही तिथंच नेलं. अंगाला खाज होती, शी मातीसारखी पांढुरकी होत होती. मी तेव्हा शिकून आलेला होतो, मला कळायला हवं होतं, पण घरात मोठ्यांपुढं आवाज निघाला नाही. तीन आठवडे गेले. सोनोग्राफीत पित्ताच्या नळीत खडा निघाला. तोवर आत पू झाला होता. मामा वाचले, पण दीड महिना दवाखान्यात काढला आणि दोन एकरांवर कर्ज झालं. कावीळ हे लक्षण आहे, आजार नव्हे. डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा, मग ज्याला जे घ्यायचं ते घ्या.

राधानगरीच्या ताईंची खडूची गोष्ट मी आज दुकानातल्या पोरांना वाचून दाखवली.

कासारीकाठचा

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितोय, त्याबद्दल माफ करा.

त्या दिवशी ताप बघितला, १०१.४. नमुना आधी घेतला आणि तालुक्याला पोहोचवला. मग लेप. पहिला गोळा लाल झालाच नाही, मळकट पिवळा राहिला. आई म्हणाली असू दे. मी ताईंचं वाचून दाखवलं आणि गावातून कळीचा चुना आणला, तेव्हा तो असा झरझर लाल झाला की आईच बघत राहिली. भिंतीवर लिहिलं: "सोमवार संध्याकाळ ६ – मंगळवार संध्याकाळ ६."

मंगळवारी सहाला काळ्या फडक्यावर धार घेतली. सूज मऊ पडली होती, पण गाठी तेवढ्याच. मला वाटत होतं अजून एक रात्र बघावी. आईला तर वाटत होतंच. ती भिंतीपुढं उभी राहून मला म्हणाली, तू लिहिलंयस ना. मग फोन केला.

डॉक्टर रात्री आले. बुधवारी दुपारी नमुन्याचा निकाल कळला, त्याप्रमाणं त्यांनी इंजेक्शन बदललं. मागच्या वेळी जे झालं होतं ते या जंतूवर चालतच नव्हतं म्हणे. लेप बाहेरून चालू ठेवायला त्यांची हरकत नाही. दहा वेळा आईच लावते, मला हात लावू देत नाही.

आज सकाळी फडक्यावर दोनच बारीक कण होते. सडात दूध आहे. दूध अजून पाच दिवस किटलीत घालायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

वडिलांचं म्हणजे, काढा घेतल्यानंतर हात थरथरतात का असं विचारलं तर म्हणाले, रोजच होतं, वयाचं असेल. काढा-गोळी झाल्यावर दोन तासांनी साखर तपासली. ६८. लगेच गूळ-पाणी दिलं आणि दवाखान्यात नेलं. गुळवेल बंद झाली, आता यकृताची तपासणी करायची आहे. वेलीची उरलेली कांडी दारामागं होती. खोडावर हात फिरवला तर गाठीच गाठी आहेत. फोटो काढलाय, फार्मासिस्ट दादा, तुम्हाला पाठवतो. शेजाऱ्यांच्या घरी अजून दोघं तीच पितात, त्यांच्याकडं संध्याकाळी जाऊन येतो.